‘नाही ना?’

त्याने हे मला दोन वर्षांनी सांगितलं. तोवर तो नोकरीला लागला होता. कसल्याशा कागदावर माझी सही हवी होती म्हणून कॉलेजात आला होता. सही झाली, कागद पिशवीत गेला, तरी तो खुर्चीतून उठेना. मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही तेव्हा मला लॅबच्या बाहेर थांबवून विचारलं होतं, ‘काही वेडंवाकडं मनात नाही ना रे?’ आठवतंय?”

मला आठवत होतं. त्यानंतर नवव्या दिवशी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. कुणीतरी वेळेत पोचलं म्हणून तो वाचला.

“मला ‘हो’ म्हणायचं होतं,” तो म्हणाला. “तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्ही ‘नाही ना’ म्हणालात, तेव्हा वाटलं, मॅडमना ‘नाही’च ऐकायचंय. म्हणून ‘नाही’ म्हणालो.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र त्या दोन शब्दांनी कितीतरी दिवस झोप लागू दिली नाही.

आपल्याकडे हा ‘ना’ मायेने येतो. पोचलास ना? झोप झाली ना? बरं आहे ना? विचारणारा उत्तर सोबत घेऊनच आलेला असतो, समोरच्याने नुसती मान डोलवायची. रोजच्या बोलण्यात त्यात काहीच वावगं नाही. पण ज्याला जगणं नकोसं झालंय त्याला हा ‘ना’ सांगतो, की बाबा रे, तुझं खरं उत्तर ऐकायची माझी तयारी नाही. त्यातून शब्दही आपण आडवळणाचे वापरतो. ‘वेडंवाकडं’, ‘बरंवाईट’, ‘असलं काहीतरी’. खरा शब्द तोंडातून काढायचाच नाही. काढला तर तो विचार मुलाच्या डोक्यात आपणच घातल्यासारखं होईल, ही धास्ती. मलाही होती.

ही धास्ती खरी आहे का, हे तपासून पाहिलेलं आहे. मॅडलिन गुल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून जास्त मुलांना दोन गटांत वाटलं. एका गटाच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ प्रश्न होते, दुसऱ्या गटाच्या प्रश्नावलीत नव्हते. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं, तर विचारल्यामुळे कुणाचा त्रास वाढलेला नव्हता. उलट ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं होती, त्यांच्यातल्या विचारलेल्या मुलांचा ताण न विचारलेल्यांपेक्षा थोडा कमीच निघाला. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. मी त्या मुलाला लॅबबाहेर थांबवलं त्याच्या कितीतरी आधी. हे माहीत असतं तर, असं आजही मनात येतं.

मी मानसतज्ज्ञ नाही. पदार्थविज्ञान शिकवते, प्रॅक्टिकल घेते, जर्नल तपासते. पण कॉलेजच्या मुलांच्या समोर रोज डॉक्टर नसतो, आमच्यासारखी माणसं असतात. म्हणून हे लिहिते आहे.

त्या मुलाच्या बाबतीत चुकलं ते फक्त प्रश्नाच्या शब्दांत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तो एकदम मोकळा दिसायला लागला होता. माझं एक पुस्तक वर्षभर त्याच्याकडे होतं, ते कव्हर घालून आणून दिलं. मित्राचा कॅल्क्युलेटर परत केला, कुणाकुणाचे उसने पैसे फेडले. मला वाटलं, पोरगा मार्गी लागला. बरेच दिवस उदास असलेलं माणूस काही कारण नसताना अचानक शांत होतं, आवराआवर करू लागतं, आवडीच्या वस्तू वाटून टाकतं, तेव्हा सुटकेचा श्वास सोडायचा नसतो, त्याच्या जवळ जायचं असतं. दर वेळी त्याचा अर्थ वाईटच असतो असं नाही. पण विचारायला हवं. मी विचारलं नाही, आनंद मानला.

नंतर काही वर्षांनी ती आली.

तिच्याबद्दल आधी कळलं ते तिच्या जर्नलवरून. अक्षर नीटनेटकं, तक्ते पट्टीने आखलेले. स्पेक्ट्रोमीटरच्या प्रयोगात कोनाचे अंश आणि कला (अंशाचा साठावा भाग) वेगवेगळ्या रकान्यांत लिहिणारी मुलगी. वर्गात हे कुणी करत नाही. पाचव्या प्रयोगाला तक्ता आखलेला होता, पण रीडिंग चारच भरलेली, खालचे रकाने रिकामे. सहाव्याला तक्ता होता, रीडिंग एकही नाही. सातव्याला फक्त तारीख आणि प्रयोगाचं नाव. आठव्या पानावर तारखेचा पहिला आकडा लिहिलेला आणि पेन तिथेच थांबलेलं.

मी ते पान बराच वेळ बघत होते. आळशी मुलांची जर्नलं मी खूप पाहिली आहेत. ती पहिल्या पानापासूनच तशी असतात, किंवा कुणाचं तरी उतरवून घेऊन एका रात्रीत भरलेली असतात. हे तसं नव्हतं. हात हळूहळू उचलेनासा झाला होता.

नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडणारं माणूस येतं. कॉलेजच्या वयात ते अनेकदा रडत येत नाही. चिडचिड होऊन येतं. रात्र रात्र जागून आणि दुपारपर्यंत झोपून येतं. ‘कंटाळा आलाय’ हे तर त्याचं आवडतं पांघरूण. मुलं डिप्रेशन हा शब्द येताजाता वापरतात, पेपर अवघड गेला तरी ‘डिप्रेशन आलं’ म्हणतात, आणि जेव्हा ते खरंच आलेलं असतं तेव्हा मात्र ‘काही नाही, जरा कंटाळा आलाय’ एवढंच सांगतात. डॉक्टरांचा निकष असा, की मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक तरी, आणि त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींचा मंदपणा किंवा अस्वस्थता, आपण नालायक आहोत ही भावना, मरणाचे विचार, अशी मिळून नऊपैकी पाच लक्षणं सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि कामकाज अडेल इतकी. दोन आठवडे हा आकडा मला फार उपयोगी पडला. परीक्षेनंतरचा, भांडणानंतरचा, प्रेमभंगानंतरचा उदासपणा असतोच. पण त्याला अधूनमधून फट असते, एखाद्या संध्याकाळी मित्रांत बसून हसू येतं. ही फटच जेव्हा बुजते तेव्हा ते दुखणं असतं.

रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस याच नऊ लक्षणांवरून नऊ प्रश्नांचा एक साधा तक्ता केला, पीएचक्यू-९ नावाचा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्यापुढे गेलं तर तज्ज्ञाकडून नीट तपासून घ्यावं. त्यातला नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज कितीही कमी येवो, नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल तर त्यावर बोलल्याशिवाय त्या माणसाला जाऊ द्यायचं नसतं.

हेच वय का, असं पालक विचारतात. ‘आता तर चांगले दिवस आले, मोकळीक मिळाली.’ पण मानसिक आजार बहुतेकदा तरुणपणीच डोकं वर काढतात. रोनल्ड केस्लर यांच्या २००५च्या अमेरिकेतल्या पाहणीत असं दिसलं, की ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होतो त्यांच्यातल्या निम्म्यांना तो चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो आणि तीन चतुर्थांशांना चोविसाव्यापर्यंत. म्हणजे कॉलेजची वर्षं बरोबर त्या पट्ट्यात येतात. मेंदूचा पुढचा भाग, जो थांब, जरा विचार कर, उद्या बघू असं सांगतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. आणि नेमक्या त्याच काळात घर सुटतं. झोपलास का, उठलास का हे बघणारं कुणी उरत नाही. शाळेत पहिली आलेली मुलगी अशा वर्गात येऊन बसते जिथे सगळेच कुठे ना कुठे पहिले आलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार दरवर्षी जगात ७ लाख २० हजारांहून अधिक माणसं आत्महत्येने जातात, आणि १५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे.

आत्महत्येच्या बातम्यांत ‘नापास झाल्याने’, ‘प्रेमभंगातून’ असं एका ओळीत कारण सांगून टाकलेलं असतं. मला ते वाचवत नाही. नापास तर हजारो होतात. शेवटी जे घडतं त्यामागे आजार असतो, आधीची एखादी जखम असते, तुटलेली झोप असते, कधी दारू असते, आधी केलेला प्रयत्न असतो, आणि त्या आठवड्यात कुणीतरी चारचौघांत केलेला अपमान असतो. एका कारणावर बोट ठेवलं की वाचणाऱ्या दुसऱ्या नापास मुलाला वाटतं, अच्छा, म्हणजे नापास झाल्यावर असं करतात तर.

आणि एक खंत लिहूनच टाकते. मूल वर्गात यायचं बंद झालं की कॉलेजकडून पहिला कागद जातो तो हजेरी कमी असल्याच्या नोटिशीचा. परीक्षेला बसू देणार नाही, पालकांना घेऊन या. अंथरुणातून उठता न येणं हे ज्या आजाराचं लक्षण, त्या लक्षणालाच आम्ही शिक्षेची धमकी देतो. त्या नोटिशीखाली माझीही सही असायची. आता मी नोटीस पाठवण्याआधी फोन करते. नियमात तसं काही लिहिलेलं नाही.

तर ती आणि तिचं जर्नल. लॅब रिकामी झाल्यावर मी तिला थांबायला सांगितलं. जर्नल तिच्या पुढ्यात ठेवायला उचललं तर मागचं पान उघडलं. तिथे पेन्सिलने बेरीज केलेली होती. फी, होस्टेल, पुस्तकं, प्रवास, एका वर्षाचं, मग गुणिले तीन. खालच्या एकूण रकमेभोवती दोनदा गोल केलेला, इतक्या जोराने की कागद फाटायला आला होता.

थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली मांडलेलं एक म्हणणं मी तेव्हा नुकतंच वाचलेलं होतं. आपण कुणाचेच नाही, आणि आपण सगळ्यांवर ओझं आहोत, या दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते. पहिली भावना बाहेरून थोडीफार दिसते, माणूस एकटं एकटं राहतं. दुसरी दिसत नाही. ‘मी नसले तर घरच्यांचं बरं होईल’ हा विचार बाहेरून इतका खोटा वाटतो की असं कुणी खरोखर मानत असेल यावर आपला विश्वासच बसत नाही. माझ्यासमोर त्या विचाराची बेरीज करून ठेवलेली होती.

मी आधी विचारलं, झोप कशी लागते. मग विचारलं, सकाळी उठल्यावर पहिलं काय मनात येतं. ती पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत होती. एक पट्टी निघाली, ती तिने टेबलावर सरळ करून ठेवली. दुसरी निघाली, ती तिच्या शेजारी. मग मी विचारलं,

“तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?”

‘ना’ नाही, ‘वेडंवाकडं’ नाही. माझा आवाज कापला. पण वाक्य पूर्ण झालं.

तिने तिसरी पट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “हो.”

मग मी विचारलं, कधीपासून, रोज येतात का, काही ठरवलं आहेस का, आज या क्षणी किती जोरात आहे. हे प्रश्न क्रूर वाटतात, पण नुसता विचार असणं आणि ठरवून तयारी केलेली असणं यांत फार अंतर आहे. तयारी केलेली असेल तर माणसाला एक क्षणही एकटं सोडायचं नसतं. ती म्हणाली, “कुणाला सांगू नका.” मी म्हणाले, “हे वचन मी देणार नाही. पण तुझ्या नकळत काही करणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.” तिने बहिणीचं नाव घेतलं. फोन तिनेच लावला, मी शेजारी बसून राहिले. मग आम्ही दोघी चालत काउन्सेलरकडे गेलो. नंबर देऊन ‘जाऊन ये हं’ असं म्हणून पाठवलं नाही, कारण ज्या मुलीला तारखेचा दुसरा आकडा लिहायचं बळ नव्हतं ती अपॉइंटमेंट कुठून घेणार.

एक वाक्य मात्र मी दाताखाली दाबून धरलं. ‘अगं, आईवडिलांचा तरी विचार कर.’ यापूर्वी मी ते किती जणांना म्हटलंय देव जाणे. पण ती त्यांचाच विचार करत होती! ती बेरीज दुसरं काय होतं? जी स्वतःला ओझं समजते तिला आईवडिलांची आठवण करून देणं म्हणजे त्या ओझ्यात आणखी एक दगड घालणं. एडविन श्नाइडमन या मानसशास्त्रज्ञाने आत्महत्येच्या अभ्यासात सगळी हयात घातली. आजारांच्या नावांपेक्षा मनाच्या असह्य ठणक्यावर त्याचा भर असायचा. त्याचे दोन प्रश्न प्रसिद्ध आहेत. कुठे दुखतंय? मी काय मदत करू? यातला पहिला विचारून आपण गप्प बसलो तरी पुष्कळ होतं. आम्हा शिकवणाऱ्या लोकांना गप्प बसणं फार जड जातं.

काउन्सेलरने तिच्याकडून एक कागद लिहून घेतला. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी ही पद्धत बसवली. विचारांची लाट येते तेव्हा आधी काय जाणवतं, एकटीने काय करून मन वळवता येतं, कुणाजवळ जाऊन नुसतं बसता येतं, कुणाला खरं सांगून मदत मागता येते, हेल्पलाइन आणि डॉक्टरांचे नंबर, आणि जीवाला धोका होईल असं काहीही त्या काळात हाताशी न ठेवणं. हे सगळं तिच्याच शब्दांत. तिच्याजवळ दुसरा कागद नव्हता, म्हणून जर्नलमधला आलेख कागद फाडला. लाट येण्याच्या खुणांमध्ये तिने लिहिलं, ‘हिशोब करावासा वाटतो’.

लाट हा शब्द मी जाणून वापरते आहे. रिचर्ड सायडन यांनी १९७८ साली अशा ५१५ माणसांचा माग काढला, जी अगदी शेवटच्या क्षणी दुसऱ्या कुणीतरी अडवली म्हणून वाचली होती. १९३७ ते १९७१ या काळातली ही माणसं. ‘आज अडवलं तर उद्या करतीलच’ अशी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांच्यातली सुमारे चौऱ्याण्णव टक्के माणसं एकतर तोवर जिवंत होती किंवा नैसर्गिक कारणाने गेलेली होती. माझा तो मुलगा सही घ्यायला आला, याचं नवल वाटायचं कारण नाही. तीव्र क्षण टळला की बहुतेक माणसं जगतात.

पुढचं सगळं संथ होतं. औषधांचा परिणाम दिसायला दोनचार आठवडे जातात, कधी जास्त. सुरुवातीच्या काळात पंचविशीच्या आतल्या मुलांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. काहींच्यात आत्मघाताचे विचार आधी वाढू शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी दिली आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंत वाढवली. म्हणून औषध नाकारायचं नसतं, डॉक्टरांच्या संपर्कात राहायचं असतं आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंदही करायचं नसतं. शिवाय या वयातलं नैराश्य कधीकधी द्विध्रुवी (बायपोलर) आजाराची, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अतिउत्साह आणणाऱ्या दुखण्याची, पहिली पायरी असतं, त्याचं औषध वेगळं. मैत्रिणीच्या गोळ्या घेणं किती घातक, ते यावरून कळावं. तिने एक वर्ष गॅप घेतली. ‘वर्ष वाया गेलं’ असं तिच्यासमोर म्हणायचं नाही, एवढं मी तिच्या घरच्यांकडून कबूल करून घेतलं.

त्या वर्षात तिच्याशी काय बोलावं हे मला कळत नव्हतं. तेव्हा जेरोम मोटो यांचं काम हाती लागलं. सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ. इस्पितळातून घरी गेल्यावर ज्यांनी पुढचे उपचार नाकारले किंवा सोडून दिले अशी ८४३ माणसं त्यांनी घेतली आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. आधी महिन्याने, मग दोन महिन्यांनी, मग तीन. पत्रात उपदेश नाही, उपचाराचा आग्रह नाही, उत्तराची अपेक्षा नाही. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, एवढंच. पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत.

मी तेच केलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन ओळींचा मेसेज. लॅबमध्ये नवीन दिवे बसवलेत. आज पाऊस आला आणि खिडक्या बंद करायला धावपळ झाली. तुझी आठवण झाली. ‘बरी आहेस ना’ नाही, ‘अभ्यास चालू आहे ना’ तर नाहीच. पाच महिने नुसत्या निळ्या खुणा दिसायच्या, वाचलं म्हणून. सहाव्या महिन्यात एक अंगठा आला. मी तो स्टाफरूममध्ये शेजारच्या बाईंना दाखवला, त्यांना काही कळलं नाही.

ती आता परत आली आहे. सातव्या प्रयोगाच्या पानावर जुन्या तारखेखाली तिने नवी तारीख घातली आहे, जुनी खोडलेली नाही. काही दिवस वाईट जातात, तेव्हा तो आलेख कागद तिच्या पिशवीत असतो. मेसेज मी चालूच ठेवले आहेत.

गेल्या रविवारी मी लिहायच्या आधीच तिचा आला. “मॅडम, तुम्ही कशा आहात? खरं सांगा.”

मी ‘मजेत’ असं टाइप केलं. मग ते पुसलं. आणि लिहिलं, की रात्री झोप नीट लागत नाही, गुडघा दुखतो, बासष्ट पेपर तपासायचे राहिलेत आणि आज सकाळपासून उगाचच रडू येतंय.

तिचं उत्तर लगेच आलं. “कधीपासून?”